मामाच्या पोटासाठी प्रार्थना

दि. ४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद आणि वरच्या सगळ्या हलत्या दातांचा सलाम.

हे पत्र एकटीने वाच. तुझ्या आईच्या हाती लागलं तर ती माझी सख्खी बहीण असूनही गावभर दवंडी पिटेल.

आधी गोड बातमी. तुझा साठीला टेकलेला घड्याळजी मामा, बारा वर्षांचा विधुर, पुन्हा बोहल्यावर चढतोय. वाचनालयाच्या बाई हो म्हणाल्या. त्याही एकट्याच आहेत. चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसतात आणि गाताना ज्याचा सूर चुकेल त्याच्याकडे मागे वळून बघतात. माझ्याकडे इतक्यांदा बघितलं की त्यातूनच हे जमलं. लग्न पुढच्या महिन्यात. त्यांनी अट एकच घातली, की एकमेकांपासून काही लपवायचं नाही. मी लगेच मान डोलावली. माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय, एक दुकान आणि एक खोकला!

दुसऱ्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की वरचे सगळे काढावे लागतील. त्यात पुढचा वाकडा दातही आला. मुंगे, बाईंनी एकदा आपणहून सांगितलंय, की त्या वाकड्या दातामुळेच माझं हसणं त्यांना आवडतं. आता मी हसू कशाने?

तू कवळ्या बनवतेस. डॉक्टरांनी घेतलेलं माप सोबतच्या डब्यात आहे. वाकडा दात तसाच वाकडा, थोडा पिवळट, शेजारची फट कायम, अशी कर. घंटाघराच्या घड्याळाचं काम आहे असं सांगून मी दोन दिवस बाहेरगावी जाईन आणि दात बदलून येईन. जाता जाता ते घड्याळ खरंच बघेन, म्हणजे खोटं बोलल्यासारखंही होणार नाही. आणि दात म्हणजे काही गुपित नव्हे, अवयव आहे.

लोभ आहेच, तो काही दिवस तोंड मिटून असावा.
तुझा मामा


दि. ९ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

बातमी वाचून मी काम टाकून नाचले. मग डबा उघडला. तुझा वाकडा दात मेणात बसवायला अख्खी दुपार गेली. आमच्या वर्कशॉपचे म्हातारे गुरुजी कधी कुणाचं कौतुक करत नाहीत. तेही म्हणाले की हा दात आता बोलायला लागेल. मी फुगले. आणि मग मेणाचा साचा उचलून कपाटात ठेवून दिला.

मामा, मी सहा वर्षांची होते, तुझ्या दुकानात स्टुलावर बसून पाय हलवत होते. एक माणूस स्वस्तातलं घड्याळ घेऊन आला आणि त्यावर नामांकित कंपनीची तबकडी बसवून दे म्हणाला. तू त्याला दाराबाहेर काढलंस आणि मला सांगितलंस, की तबकडी एकाची आणि यंत्र दुसऱ्याचं, हे काम आपण करत नाही. मी हे अजून विसरले नाही. तूच विसरायचं ठरवलंस तर मी काय करू?

कवळी मी करीन. हुबेहूब करीन, कारण तुझा चेहरा तुझाच राहायला हवा. पण बाईंना सांगितल्याचं तुझं पत्र आल्याशिवाय ती कपाटातून बाहेर येणार नाही.

कळावे, आणि त्यांनाही कळवावे.
तुझी मुंगी


दि. १४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
आशीर्वाद यावेळी जरा कमी.

ते तबकडीचं तू उकरून काढलंस हे काही बरं केलं नाहीस. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगू कुणाला!

मी सांगणारच होतो. बाईंच्या घरी गेलो, त्यांनी टोस्ट पुढे केला. मला चावेना. का खात नाही म्हणून विचारलं, तर माझ्या तोंडून निघून गेलं की पोट जरा बरं नाही. एवढंच. बाईंचा चेहरा एकदम उतरला. त्या दिवसापासून रोज डबाभर सूप येतंय. त्यात मीठ नसतं. मी रोज उत्तम झालंय म्हणतो.

पुढचं ऐक. बायकांच्या प्रार्थनासभेत माझ्या पोटासाठी प्रार्थना सुरू झाली आहे. माझं पोट ठणठणीत आहे आणि चौदा बायका डोळे मिटून त्याच्यासाठी विनवण्या करताहेत. काल आमच्या चर्चचे पाळकसाहेब स्वतः घरी आले, पोटावर हात ठेवून पाच मिनिटं प्रार्थना केली. मला गुदगुल्या होत होत्या आणि रडूही येत होतं. त्याआधी रविवारी त्यांनी उपदेशही कशावर करावा? माणसाचं होय म्हणजे होय असावं आणि नाही म्हणजे नाही, यावर. ते माझ्याकडेच बघत होते असं वाटलं. पण त्यांचा चष्मा इतका जाड आहे की नक्की सांगता येत नाही.

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये घोषणा वाचतात, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. आमची एकदा वाचून झाली आहे. बाईंनी तुला काही विचारलंच तर पित्ताचा त्रास आहे म्हण. आपलं शेवटचं खोटं समज.

लोभ असो वा नसो, कवळी असावी.
मामा


दि. १६ फेब्रुवारी

प्रिय मुलीस,
सप्रेम नमस्कार.

आपली भेट नाही, तरी तुझ्या मामाच्या बोलण्यातून तू मला चांगली ठाऊक आहेस. आगाऊपणा वाटला तर माफ कर.

त्यांच्या पोटाला काय झालंय? ते म्हणतात काही नाही, होईल बरं. हे शब्द मी पूर्वी ऐकले आहेत. माझे यजमान दोन वर्षं असंच म्हणत राहिले, की काही नाही, जरा दमलोय. मला कळलं तेव्हा हातात तीन आठवडे होते. मला घोर नको म्हणून लपवलं, असं त्यांनी शेवटी सांगितलं. मी रोज प्रार्थनेत म्हणते की मी त्यांना माफ केलंय. अजून मनापासून केलेलं नाही.

मी आजाऱ्याला भीत नाही. उशाशी बसायला मला येतं. पण पुन्हा अंधारात बसणार नाही. तुझे मामा काही लपवत असतील तर शेवटची घोषणा होण्याआधीच मी पाळकसाहेबांना लग्न थांबवायला सांगेन. मला रडू येईल, तरी सांगेन.

खरं असेल ते लिही.
तुझी होऊ घातलेली मामी (अजून तरी)


दि. १९ फेब्रुवारी

ती. बाईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. मामा मरणाच्या दारात आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं. काहीच नाही असंही म्हणणार नाही, कारण तेही खोटं. जे आहे ते त्याचं आहे, ते त्यानेच सांगायला हवं. एक मात्र करते. तुमचं पत्र आजच त्याला पाठवते आहे. हे तुम्हाला आधीच कळवते, नाहीतर माझ्याकडूनही लपवाछपवी व्हायची.

तुम्हाला मामी म्हणायला मी फार आतुर आहे.
आपली होऊ घातलेली भाची (ठामपणे)


दि. २५ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
मनापासून आशीर्वाद.

बाईंचं पत्र तीनदा वाचलं. दात लपवायला निघालो होतो आणि त्या बिचाऱ्या रोज रात्री मला तिरडीवर बघत होत्या. दुकान बंद केलं आणि तडक वाचनालयात गेलो.

तिथे शांतता राखा अशी पाटी. मला कुजबुजता येत नाही, हलत्या दातांतून शिटी वाजते. म्हणून मोठ्यानेच सांगितलं, की पोट उत्तम आहे, दात कामातून गेले आहेत, घंटाघराचं कामही बनाव होता. वर्तमानपत्र वाचणाऱ्या चौघांनी वर्तमानपत्रं खाली ठेवली. बाई आधी रडल्या. मग मान खाली घालून पुस्तकांवर इतक्या जोरात शिक्के मारायला लागल्या, की मी प्रत्येक शिक्क्याला दचकत होतो. शेवटी म्हणाल्या, की आज घरी जा.

दोन दिवस सूप आलं नाही. बेचव सूप न येण्याचं इतकं दुःख होईल असं वाटलं नव्हतं.

रविवारी घोषणा वाचण्याआधी पाळकसाहेबांनी माझं पोट बरं झाल्याबद्दल आभाराची प्रार्थना करू या म्हटलं. म्हणजे बाईंनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मला गप्प बसता आलं असतं. मुंगे, मी खरंच क्षणभर डोळे मिटले होते. मग उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर बोललो, की पोट कधी बिघडलंच नव्हतं, मी खोटं बोललो, आणि चौदा जणींची प्रार्थना फुकट घालवली. चौदाही जणींनी डोळे उघडले. मागच्या बाकावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी मात्र हळूच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. त्यांचं काय ते देव जाणे.

बाई मागे वळल्या. सूर चुकल्यावर बघतात तशाच बघत होत्या, पण बराच वेळ. घोषणा वाचली गेली. हरकत घेणारं कुणी उठलं नाही.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, की वाकडा दात वाकडाच ठेवायला सांगा, मी होकार या चेहऱ्याला दिलाय. आणि पहिल्या यजमानांना काल रात्री मनापासून माफ करता आलं, असंही म्हणाल्या. मग विचारलं, की सूप खरंच कसं होतं? मी सांगितलं, मीठ नव्हतं. घरापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. आज सकाळी डबा आला. इतका खारट, की खोटं बोलायची सोयच नाही.

आता कपाट उघड आणि कवळी पाठव. तुझ्या आईलाही सांगितलंस तरी चालेल, सगळ्या गावाला आधीच ठाऊक आहे. लग्नात पाळकसाहेब विचारतील तेव्हा दात तुझे असतील, पण होय माझं असेल.

लोभ होता तसाच, फटीसकट असावा.
तुझा मामा