सुमनचा पेपर दुसरा, आमचा चौथा

बालाघाट, गुरुवार, ९ जुलै १९६४

रामपायलीची सुमन नागपूरला मामाकडे राहून पहिलं वर्ष पास झालेली. आज वडिलांबरोबर आमच्या कॉलेजात माझ्याकडे दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागायला आली. तिच्या नागपूर विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत अर्थशास्त्राचा पेपर दुसरा, आमच्या विद्यापीठाच्या यादीत तोच चौथा. नंबर जुळत नाहीत, पहिल्या वर्षाला बस, म्हणालो.

तिनं अर्थशास्त्राचं निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक पुढे केलं. "सर, हेच शिकून आली मी. मले पुन्हा काहून बसवता?"

मी ते उघडलं नाही.

"अजून एक साल? राहू दे पोरी, घरी चाल," वडील म्हणाले. गेले दोघं.

विद्यापीठाला एक पत्र लिहिलं असतं तर भागलं असतं. कंटाळा केला, दुसरं काय? आणि ते निळं पुस्तक उघडायची गरजच नव्हती. सहा वर्षं मीच शिकवतोय ते.