नळ उघडण्याची पद्धत, पान चार ते सात

२ मार्च
आजपासून रोजनिशी. नियोजनाची लेखी नोंद असली की पुढे वाद होत नाहीत.

मे महिन्यात आठ दिवस मोठ्या शहरात सुट्टी. ठरलं. म्हणजे ठरवलं हिने, पण योजना माझी. हॉटेलांचे दर पाहून मी लॅपटॉप मिटला. मग कंपनीत जेवणाच्या सुट्टीत उपाय सापडला. एक वेबसाइट आहे. आठ दिवस आपलं घर त्यांना, त्यांचं घर आपल्याला. भाडं नाही, काही नाही. इतकी सोपी गोष्ट लोकांना सुचत कशी नाही?

घरी आल्या आल्या सांगितलं. ही भाजी चिरत होती. आपलं घर कोणाला द्यायचं, असं तिने विचारलं. कुणालाही, मी म्हटलं. त्यावर ती बाथरूमच्या दिशेने बघत राहिली. तिथे नळ बादलीत ठिबकत होता. कान फारच तिखट आहेत हिचे.

५ मार्च
वेबसाइटवर घराची माहिती भरली. लिखाण हा माझ्या हातचा मळ. सत्तावीस वर्षं मी कंपनीच्या पाण्याच्या पंपाबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका लिहितो आहे. लोक ती न वाचता पंप सुरू करतात आणि मग कंपनीच्या नावाने शंख करतात, हा माझा दोष नाही.

लिहिलं: ‘दोन खोल्यांचं, स्वतःचा स्वभाव असलेलं घर. तळं चालत पंधरा मिनिटांवर.’ फोटो काढताना बादली बाहेर ठेवली. बाल्कनीचं दार अर्धवट उघडं दिसतं. ते तेवढंच उघडतं, पण फोटोत मुद्दाम ठेवल्यासारखं वाटतं.

१२ मार्च
उत्तर नाही. लोक विचार करत असणार.

१९ मार्च, दुपारी
उत्तर आलं! दातांचे डॉक्टर आहेत. ते आणि त्यांच्या मातोश्री, दोघंच. मातोश्रींना आठ दिवस शांत गाव हवं आहे. त्यांचं घर पाचव्या मजल्यावर, समोर मोठी बाग. एका फोटोत खिडकी, खिडकीशी एक खुर्ची, बाहेर झाडांचे शेंडे.

हिला फोटो दाखवला. बराच वेळ पाहिला तिने. ही औषधांच्या दुकानात काउंटरला असते, दिवसभर उभ्याचं काम. मी म्हटलं, म्युझियम आहे, मोठं मार्केट आहे, रोज एक ठिकाण याप्रमाणे मी तक्ता करतो. ती म्हणाली तक्ता नको, मी या खुर्चीत बसणार.

डॉक्टरांना गुपचूप मेल केला की दुसरी खुर्ची मिळेल का. मिळेल म्हणाले. हिला सांगितलेलं नाही. सहा वर्षांपूर्वीच्या सहलीची भरपाई व्हायला हवी. तेव्हा आम्ही तिसऱ्या दिवशी परत आलो होतो. हॉटेलची दुरुस्ती चालू होती आणि वेबसाइटवरचा फोटो जुना होता. त्याला मी काय करणार?

२४ मार्च
डॉक्टरांचा प्रश्न आला: घरातलं सगळं चालू स्थितीत आहे ना?

प्रामाणिक उत्तर दिलं. ‘होय, सूचनांसह.’

हिचं म्हणणं, प्लंबर बोलवा, सुतार बोलवा. मी शांतपणे तत्त्व समजावलं. दुरुस्ती तात्पुरती असते, सूचना कायम राहते. नऊ वर्षं आपण तोच नळ वापरतो आहोत ना? डावीकडे दीड वळसा, थांबायचं, उजवीकडे पाव वळसा, मग मुठीने हलकेच ठोकायचं. पाणी येतं. म्हणजे नळ चालू आहे. फक्त माहिती पाहुण्यांपर्यंत पोचलेली नाही.

ही काही बोलली नाही. पटलं असणार.

संकल्प: घराची माहितीपुस्तिका. जास्तीत जास्त चार पानं.

२ एप्रिल
पुस्तिका अकरा पानं. नुसत्या नळालाच चार लागली, पान चार ते सात. आकृत्या मीच काढल्या. मुठीचा कोन छान जमला आहे. फ्लश (दांडा दाबून सातपर्यंत मोजणे), बाल्कनीचं दार (पायाने उचलून धरणे), बाहेरच्या दाराचं कुलूप (किल्ली फिरवताना दार छातीशी ओढणे) बाकी.

हिने आज रजेचा अर्ज दिला. दुकानाच्या मालकाने आधी नाही म्हटलं होतं. मग हिने दुकानातल्या दुसऱ्या बाईंचे आठ दिवस आपल्या अंगावर घेतले आणि रजा पदरात पाडली. अर्ज दिल्याचं सांगताना माझ्याकडे न बघता म्हणाली, “यंदा नाही झालं, तर मी परत विचारणार नाही.”

कशाला नाही होणार? अकरा पानं झाली आहेत.

९ एप्रिल
थोडक्यात वाचलो. मी कंपनीत असताना हिने परस्पर प्लंबर बोलावला होता. नशिबाने मी लवकर घरी आलो. तो पाना काढून नळाशी बसणार, तेवढ्यात मी त्याला थांबवलं. नळ बदलला की पान चार ते सात रद्द, अनुक्रमणिका बदलणार, पुढचे सगळे संदर्भ चुकणार. प्लंबरला आकृती तीन दाखवली. त्याने ती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि निघून गेला. असे लोक वाचत नाहीत, हीच तर अडचण आहे.

जेवताना कन्येने मला विचारलं, बाबा, तू नळाच्या बाजूने आहेस का आईच्या? कॉलेजात शिकून हे शहाणपण.

१७ एप्रिल
प्रत्यक्ष चाचणी. कन्येने बाल्कनीत जायचं, पुस्तिका वाचून दार उघडायचं आणि आत यायचं. ती बाहेर गेली, दार बसलं. पुस्तिका आत जेवणाच्या टेबलावर राहिली. मी पायजम्यावर खाली वाण्याकडे गेलो होतो, त्यामुळे पंचवीस मिनिटं गेली. समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी बिचारीला धीर दिला.

चाचणी यशस्वी. एक त्रुटी लक्षात आली. पान एकवर ठळक अक्षरांत टाकलं: ‘पुस्तिका कायम सोबत बाळगावी.’

२५ एप्रिल
पूर्ण! अडतीस पानं. डॉक्टरांना पाठवली.

कंपनीत साहेबांना एक प्रत दाखवली. साहेब म्हणाले, नवीन पंपाबरोबर आता पुस्तिका देणारच नाही, दीड मिनिटाचा व्हिडिओ टाकू. वाईट वाटलं. पण डॉक्टरांसारखे लोक आहेत अजून.

२८ एप्रिल
उत्तर नाही. अभ्यास करत असणार.

१ मे, सकाळी
डॉक्टरांचा मेल. त्यांच्या मातोश्रींनी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली! हातात पेन्सिल घेऊन! सत्तावीस वर्षांत माझा पहिला वाचक. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. त्यांनी अकरा प्रश्नही पाठवले आहेत. पहिला: ‘नळाचं वॉशर बदललं तर पान चार ते सात लागणार नाहीत, हे खरं का?’ किती बारकाईने वाचलंय. सविस्तर उत्तर देईन.

मेलच्या शेवटी डॉक्टरांनी लिहिलं आहे की आईचं वय बाहत्तर, दार अडकलं तर काय, म्हणून बेत रद्द करावा म्हणतो.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. हिला कसं सांगायचं?

१ मे, संध्याकाळी
सांगितलं नाही. कन्येने सांगितलं. माझा लॅपटॉप उघडा होता.

ही स्वयंपाकघरात गेली आणि ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छच होता. मी दारात उभा राहिलो. पुस्तिकेत सुरक्षेचं वेगळं प्रकरण घालता येईल असं म्हणणार होतो. तिने हात पुसले, माझा फोन घेतला, मेलखालच्या नंबरवर फोन लावला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. पाऊण तास. मला एवढंच ऐकू आलं: हो. हो. नाही, ते स्वतः नाही करत. नऊ वर्षं. हो, चालेल, ठेवून जाते.

बेत कायम! एक छोटासा बदल. पाहुण्यांना घर समजावून द्यायला माहितगार माणूस हवा, म्हणून मी पहिला एक दिवस इथे थांबायचं. कन्या मैत्रिणीकडे राहणार होती, ती आता माझ्या तिकिटावर जाईल. मी दुसऱ्या दिवशी निघून त्यांना गाठेन. माझ्याशिवाय पान हलत नाही, हे शेवटी मान्य झालं.

१० मे
सकाळच्या गाडीने दोघी गेल्या. गाडी हलल्यावर हिने हात केला. मी तक्त्याची प्रत खिडकीतून दिली, ती कन्येने घेतली.

चार वाजता पाहुणे आले. डॉक्टर सभ्य गृहस्थ, हसताना समोरच्याचे दात बघतात. मातोश्री लहानखुऱ्या, पाठीला पोक. त्यांची एक पेटी मला उचलता उचलेना. विचारलं तर समजलं की त्या तंत्रशाळेत तीस वर्षं फिटिंग शिकवायच्या. पेटीत हत्यारं. सगळे त्यांना बाई म्हणतात, डॉक्टरसुद्धा.

मी पान एकपासून सुरुवात केली. पान तीनपर्यंत बाईंनी ऐकलं. मग म्हणाल्या, “लिहिता छान तुम्ही. आता हे धरा.” माझ्या हातात टॉर्च होता.

नळ दहा मिनिटांत झाला. वॉशरच होतं.

११ मे
आज निघणार होतो. पण बाल्कनीच्या दाराला खालून उचलून धरायला माणूस हवा होता. बिजागरी बदलली. दार एका बोटाने उघडतं. मी चार-पाच वेळा उघडून पाहिलं. पान चौदा ते एकोणीस गेली. उद्या नक्की.

हिला फोन केला. कशी आहे खुर्ची, विचारलं. छान आहे म्हणाली. दोन आहेत, कोणीतरी दुसरीही ठेवली आहे. मी म्हटलं, ती माझी. मग म्हणाली सावकाश या, इकडे काही अडत नाही.

१३ मे
फ्लश. डॉक्टर तळ्यावर फिरायला जातात, मी बाईंना हवा तो पाना देतो. आता मागायच्या आधीच बारा नंबरचा पुढे करतो. सकाळी बाई ‘बरोबर’ म्हणाल्या. मला उगाचच बरं वाटलं. कंपनीत इतक्या वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

कन्येने फोटो पाठवला. ही खिडकीशी, हातात चहाचा कप, बाहेर झाडं. दुसऱ्या खुर्चीवर हिचे पाय. तक्त्याचं काय झालं विचारलं, तर कन्या म्हणाली कपाखाली आहे.

१५ मे
कुलूप. आज तिकीट काढायला बसलो होतो. मग हिशोब मांडला की पोचेपर्यंत उद्याची संध्याकाळ होणार आणि परवा सगळ्यांचीच परतीची बांधाबांध. हिला फोन करून विचारलं, येऊ का. तिने नाही म्हटलं नाही. तिथल्या कारंज्याबद्दल बोलत राहिली. चोवीस वर्षांत ती माझ्याशी फोनवर इतकं बोलली नव्हती. फोन ठेवल्यावर मी तिकिटाचं पान बंद केलं.

पुस्तिकेची दोन पानं उरली आहेत. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका.

१८ मे
पाहुणे सकाळी गेले. बाईंनी जाताना फ्रिजवर चुंबकाखाली एक कार्ड लावलं आणि म्हणाल्या, तुमच्या मिसेसनी मागितलं होतं, त्यांनाच द्या. मी वाचलं नाही. म्हणजे वरवर वाचलं.

संध्याकाळी दोघी आल्या. ही सरळ बाथरूममध्ये गेली. नळ उघडला. पाणी आलं. बंद केला, थांबलं. परत उघडला. मी दारातून म्हटलं, आम्हीच केलं. तिने विचारलं, किती वेळ लागला. दहा मिनिटं, मी म्हटलं. लपवणार तरी काय?

ती नळाला धरून उभी राहिली. “नऊ वर्षं मी रोज दीड वळसा मोजत होते,” म्हणाली. रागावली असती तर परवडलं असतं. पण आवाज अगदी साधा होता. त्या प्लंबरचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी हिची बॅग उचलून आत नेली.

मग ती फ्रिजपाशी गेली.

‘घरमालक: वापरण्याच्या सूचना.
१. सुरू केल्यावर बराच वेळ आवाज येतो. तो बिघाड नाही.
२. हातात पाना दिल्यास आवाज थांबतो.
३. एका वेळी एकच काम सांगावं.
४. जवळपास कागद-पेन ठेवू नये.
५. चांगलं चालतं. फार वर्षं न वापरल्यामुळे जाम झालं होतं, एवढंच.’

अनुक्रमणिका नाही, एक आकृती नाही. मी तसं म्हणणार होतो. पण ही चष्मा लावून वाचत होती. शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून.

लग्नाला चोवीस वर्षं झाली. हिला एखादी माहितीपुस्तिका पूर्ण वाचताना मी आज पहिल्यांदा पाहिलं.