मला आमच्या बेटावर पुरू नये

मी, लिमाकी तिमोती, वय वर्षे एकाहत्तर, राहणार एबाये, मार्शल बेटे, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. गळ्याच्या शस्त्रक्रियेत माझा आवाज बसला, अक्कल जागेवर आहे. कोणी धाक दाखवून हे लिहून घेतले असा संशय आल्यास त्याने माझ्या घरी येऊन पाहावे. मला धाक दाखवायला आलेली माणसे आजवर कॉफी पिऊन गुपचूप परत गेली आहेत.

एबायेवरचे माझे पत्र्याचे घर आणि पावसाच्या पाण्याची टाकी मुलगी एर्लिन हिला द्यावी. घराखालची जमीन दुसऱ्या घराण्याची आहे. त्यांनी आम्हा निर्वासितांना इतकी वर्षे राहू दिले, तेव्हा तिने त्यांच्याशी नमते घ्यावे. टाकीला कुलूप घालू नये. शेजारची लोमिना पाण्याला आली तर नाही म्हणू नये, मात्र माझा मोठा टोप नाताळपासून तिच्याकडे आहे, तो आधी मागावा. कुठला नाताळ ते लिहीत नाही, उगाच तिची शोभा होईल.

केवड्याची पाने कुटायचे शिंपल्याचे मुसळ आणि विणकामाच्या सुया नात कार्मिना हिला. मुसळ माझ्या आईचे. सैनिकांनी आम्हाला बेटावरून उचलले त्या दिवशी काही बरोबर घेऊ दिले नव्हते, तिने ते परकराखाली लपवून आणले. कार्मिनाला विणता येत नाही. फोनवरची बोटे जरा उचलली तर येईल.

माझी इस्त्री कोणाला हवी असल्यास न्यावी. पलीकडच्या बेटावरच्या अमेरिकेच्या लष्करी तळाच्या धोबीखान्यात माझी उमेदीची वर्षे गेली. सकाळी बोटीने जायचे, गळ्यात ओळखपत्र, संध्याकाळी बोटीने परत, कारण आमच्यासारख्यांना तिथे रात्र काढायची मुभा नाही. अमेरिकेतून सोडलेली क्षेपणास्त्रे आमच्या पाण्यात येऊन पडत आणि ती नेमकी कुठे पडली ते बघणाऱ्यांच्या शर्टांना मी इस्त्री करी. तुला राग नाही का येत, असे लोक विचारत. शर्टावर कसला राग काढायचा? राग ज्यांच्यावर आहे त्यांचे कपडे माझ्याकडे कधी आलेच नाहीत.

आता जमिनीचे. उत्तरेकडे लोमेजेन नावाचे आमचे बेट आहे. तिथली आमच्या घराण्याची जमीन मी कोणाला देत नाही, कारण ती माझी नाही. ती आईकडून लेकीकडे जाते, मी फक्त तिची राखणदार. माझ्यामागे घराण्याचे प्रमुखपद रीतीप्रमाणे धाकटा भाऊ हेमोस याच्याकडे जाईल. तो चांगला माणूस आहे. घाईचा आहे, पण चांगला आहे.

हे मृत्युपत्र खरे तर पुढच्या कलमासाठी लिहीत आहे. मला लोमेजेनवर पुरू नये.

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. जन्मभर मी एकच गाणे लावले होते, घरी जायचे, घरी जायचे. म्हणून तर हेमोस गेल्या महिन्यात तिकडे जाऊन आईच्या कबरीशेजारची जागा साफ करून आला. बातमी सांगताना नुसता हरखून गेला होता.

"ताई, सिमेंटसुद्धा नेऊन ठेवलंय. तू काही काळजी करू नकोस."

"मला एवढ्यात मारायची घाई झालीय का तुला?"

"तसं नाही गं. अमेरिकेच्या माणसांनी तिथं नवी घरं बांधलीत. वरची मातीही खरवडलीय. म्हणतात, आता राहायला हरकत नाही."

"आणि खेकडे?"

तो म्हणाला, "खेकडे तेवढे खायचे नाहीत. आणि नारळ थोडे बेतानं."

"म्हणजे घरी जायचं आणि घरचं खायचं नाही. मग ते घर कसलं रे?"

हेमोस तेव्हा आईच्या पोटात होता, म्हणून त्याला आठवत नाही. मी सात वर्षांची होते. शेजारच्या बेटांवर अमेरिकेच्या चाचणीचा अणुबाँब फुटला, दुपारी आमच्यावर पांढरी भुकटी पडली आणि आईने चिडून ती चटईवरून झाडून काढली, पुन्हा पडली, पुन्हा झाडली. मग सैनिकांनी आम्हाला तिथून हलवले. काही वर्षांनी सरकारी कागद आला की बेट आता ठीक आहे, जा. आमची म्हातारी माणसे तयार नव्हती. कागदावर त्यांचा भरवसा नव्हता.

आम्ही परत गेलो ते कागदामुळे नव्हे. घराण्याचे प्रमुख असलेले मामा परमुलखात वारले आणि मला माझ्या आईजवळ ठेवा म्हणून सांगून गेले. आम्ही सगळे त्यांची पेटी घेऊन गेलो. आमच्यात पुरल्यावर सहाव्या दिवशी घरचे सगळे समुद्राकाठचे पांढरे खडे आणून कबरीवर पसरतात, तोवर कोणी हलत नाही. खडे पसरले. बोट परत न्यायला थांबली होती. पण मामांना एकटे सोडून जाणार कोण? आई म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी राहते." मग मावशी राहिली. मग सगळेच राहिलो आणि बोट रिकामी गेली. लोक आनंदाने घरी परतले, असे अमेरिकेत लिहिले गेले.

त्या बेटावर मी मोठी झाले, लग्न केले, तिथलेच आरारूट, नीरफणस आणि खेकडे खाल्ले. एर्लिनच्या आधीची माझी दोन मुले जन्मली ती जगण्यासारखी नव्हती. एकाला मी हातात घेतले. त्याला हाडेच नव्हती. याहून जास्त मी कधी बोलले नाही, इथेही लिहीत नाही. अमेरिकेचे डॉक्टर येत, माझ्या गळ्यात आकड्याची पाटी अडकवून फोटो काढत, रक्त नेत. काय झाले ते कोणी सांगितले नाही. त्यांना मी माफ केलेले नाही आणि मेल्यावर करीन असेही नाही. शेवटी, आईला तिथे पुरून झाल्यावर, पोराबाळांसाठी आम्ही आपण होऊन बेट सोडले आणि एबायेला आलो.

मला तिथे पुरलेत तर सहाव्या दिवशी तुम्ही सगळे खडे घेऊन याल. घराण्याच्या प्रमुख बाईची कबर सांभाळणे नातीचे काम, म्हणून कार्मिना मागे राहील. तिला दिवस गेले आहेत. अमेरिकेत पुन्हा लिहिले जाईल की लोक परतले, प्रश्न मिटला. असा प्रश्न मिटवायला मी माझे मढे देणार नाही.

म्हणून मला इथेच, एबायेच्या दफनभूमीत, परक्यांच्या जमिनीत जागा मागून पुरावे. खडे इथल्या किनाऱ्यावरचे चालतील. मला आईजवळ जायचे नाही असे कोणी समजू नये. मला जायचे आहे. हे लिहिताना दोनदा उठून तोंड धुऊन आले.

पुढे कधी आपल्याच मुली शिकून तिथली माती तपासतील, आणि एखादी पोटुशी बाई तिथला खेकडा कोणाला न विचारता पोटभर खाईल. तेव्हा माझी हाडे उकरून न्यावीत. मी थांबेन.

हेमोस प्रमुख झाल्यावर त्याला हे कलम बदलता येऊ नये, म्हणून त्याची सही आजच, माझ्यासमोर घेत आहे.

सही: लिमाकी तिमोती
साक्षीदार: पास्टर इनोक लानवी
साक्षीदार: नेइबिल जोराम, परिचारिका
ठिकाण: एबाये. दिनांक: १२ ऑगस्ट २०१८

खालील मजकूर हेमोस तिमोती याच्या हस्ताक्षरात, सहीनिशी:
ताई, सगळं वाचलं. मला पटलेलं नाही. पण तू म्हणतेस तसंच करीन, आणि तू एकटी पडू नयेस म्हणून मलाही इथेच पुरायला सांगीन.