कॅमेऱ्याच्या कपाळी कुंकू

केनवड,
वांग्याच्या दुसऱ्या तोड्याचे दिवस

चि. पंजाबरावास,

तुह्या मोठ्या बहिणीचा, भागिरथेचा, केनवडहून आशीर्वाद. माहा हात कामरगावपर्यंत पुरत नाही, म्हणून तूच जरा मान वाकवून घेजो. तब्येत कशी हाये? कस्तुराची कंबर काय म्हणते? (तुह्या बायकोले सांगजो, एरंडाचं पान शेकून बांध, पण डॉक्टरलेही दाखव, नुसत्या पानानं माह्या कंबरेले पानाचा वास तेवढा लागला.) म्हैस व्याली का? माहं म्हणशील तं दात गेले, जीभ शाबूत हाये, देवाची कृपा. पत्र माही नात समीक्षा लिहून राह्यली. मी बोलते, ती लिहिते. तिले मी पहिलेच बजावलं, की बाई, माह्या तोंडातून पडंल तसंच कागदावर पडू दे, मधात आपल्या कॉलेजचं मीठ टाकू नोको. तरी मधून मधून तिचा पेन थांबते, त्यावरून मले समजते की आता तिच्याबद्दल बोलणं सुरू झालं. (थांबला पाहा.) काम असं काहीच नाही. फोन तू उचलत नाहीस, अन् उचललाच तं 'हं' म्हणून कस्तुराच्या हाती देतोस, म्हणून हा कागद. कागदाले 'हं' म्हणून भागत नाही.

तं झालं असं. एका दुपारी मी ओट्यावर लसूण सोलत बसली होती अन् समीक्षा मोबाइलमध्ये जुने फोटो पाहून राह्यली होती. तिनं विचारलं, "आजी, तुह्या बाबाचा फोटो कुठी हाये?" मी म्हटलं, नाही. "एकही नाही?" एकही नाही. तुले तं माहीतच हाये, आपल्या माहेरी किन्हीराजाले फोटोवाला आला तेव्हा सारं गाव टोप्या घालून रांगेत बसलं, अन् आपले बाबा म्हणाले, पाणी सुटलं हाये, मी आलोच. मळ्यात गेले ते फोटोवाला गेल्यावरच आले. मी आपली बोलता बोलता बोलून गेली, की मरायच्या आधी एकदा बाबाले सांबाराच्या (समीक्षाच्या कॉलेजात कोथिंबीर म्हणते) वाफ्यातून चालतांना पाहायचं हाये, मंग माहं देवाकडे काही मागणं नाही. (माणूस जिलेबीबद्दलही असंच बोलते.) पण पोरीनं ते मनावर घेतलं. म्हणते, आजी, मी सिनेमा काढते. छोटासा, चहा उकळून उतू जाईल एवढ्या वेळाचा. एक म्हातारी भरदुपारी खाटेवर लवंडते, अन् तिच्या सपनात तिचा बाप मळ्यातून चालत जाते. बस. म्हातारी कोण, हे तिनं मले विचारलंही नाही. खाट तेवढी उन्हातून सावलीत ओढली.

मंग सुरू झाली सामानाची निवड. बाप्पा! तुह्यासाठी पोरी पाह्यल्या तेव्हा आपण एवढं पाह्यलं नव्हतं. कस्तुराले तं दिवा लावायच्या वेळेले पाह्यलं अन् होकार देऊन आलो. इथं एका कॅमेऱ्यासाठी ही पोट्टी रोज जेवतांना मोबाइलातल्या एका दाढीवाल्याचं बोलणं ऐके. तो दाढीवाला एक कॅमेरा हाती घे, गोंजारे, उलटा करे, गुण सांगे, मंग अवगुण सांगे, मंग दुसरा घे, अन् आमचं ताट थंड झाल्यावर म्हणे, शेवटी तुमची गरज काय हाये ते तुमीच पाहा. अरे, आमाले गरज माहीत असती तं तुह्या दाढीकडे कायले पाह्यलं असतं? एक दिवस समीक्षा म्हणे, मोबाइलच बरा. दुसऱ्या दिवशी म्हणे, मोबाइलात सपन सपाट दिसते, मागचं सारं कसं अंधुक झालं पाहिजे. मी म्हटलं, माह्या डोळ्यानं पाह्य, मागचं-पुढचं सारं अंधुकच हाये, फुकटात. शेवटी अकोल्याहून एक वापरलेला कॅमेरा आला. संग तीन पायाची घोडी, आवाज धरायचा माइक, कानावर घालायचे हेडफोन, उन्हाचा उजेड तोंडावर परतवायची एक चांदीसारखी गोल चकती, अन् मैत्रिणीकडून मागून आणलेला एक दांडा, ज्याले कॅमेरा बांधला की माणूस ठेचकाळला तरी चित्र हालत नाही. गिंबल म्हणते त्याले. मी म्हटलं, असा एक माह्या मानेलेही बसवून दे, चहा सांडणार नाही.

आता नवी वस्तू घरात आली की तिची पूजा करा लागते. आमच्या घरी फवारणीच्या पंपाचीही झाली हाये. समीक्षा हातपाय धुवायले गेली तेवढ्यात मी पाट मांडला, कॅमेरा ठेवला, नारळ फोडला. पण कुंकू लावायचं कुठी? ट्रॅक्टरले बोनेटवर लावते, दुकानाले उंबऱ्यावर, गाईले कपाळावर. याले पाठ हाये, पोट हाये, अन् पुढं एकच मोठा गोल डोळा. ज्याले एकच डोळा, त्याचं कपाळही त्याच्याच आसपास असंल, असं समजून मी ओलं बोट त्या काचेच्या मधोमध टेकवलं. मंग वाटलं, जास्त झालं. म्हणून पदरानं पुसलं. (समीक्षाचा पेन आता थांबला नाही, थरथरून राह्यला.) गोष्ट मी कोणाले सांगितली नाही, कारण कोणी विचारली नाही.

शूटिंग आमच्याच मळ्यात. बाबाच्या कामासाठी रतनसिंग मिळाला. आमची वांगी रिसोडच्या बाजारात नेते, तो टेम्पोवाला. अंगकाठी बाबासारखी, धोतर नेसवलं, खांद्यावर फावडं दिलं. घोडीचे तीन पाय ओल्या वाफ्यात एकेक करून रुतत जात, अन् समीक्षा म्हणे, "आजी, सारं वावर वाकडं दिसून राह्यलं." मी म्हटलं, "बाई, ते पहिल्यापासूनच वाकडं हाये, तुह्या आजोबाच्या वाटणीत तसंच आलं." उजेडाची चकती धरायचं काम मले दिलं होतं. पण आदल्या दिवशी ती मले अंगणात मोकळी दिसली, साफसूफ, उन्हानं तापलेली, तं मी तिच्यावर मुंगवड्या घालून दिल्या. वड्या एका उन्हात खडखडीत वाळल्या. फक्त तेव्हापासून तिच्या उजेडात ठिपके पडते. रतनसिंग गोवर आलेल्या पोरावाणी दिसे.

मधात एकदा समीक्षानं ते हेडफोन माह्या कानावर ठेवले. पंजाबा, काय सांगू तुले. जन्म मळ्यात गेला, पण मळा मी कधी ऐकलाच नव्हता. कोरड्या वाफ्यात पाणी शिरते तेव्हा माती आधी नाही म्हणते, मंग हळूच हो म्हणते. कोहळ्याच्या फुलात एक भुंगा बसला होता, तो आतल्या आत काही तरी घोकून राह्यला होता. त्याच्याही मागं कुठं तरी दूर एक बकरी, बकरीच्या मागं हवा, अन् हवेच्या मागं काहीच नाही. त्या काहीच नाहीचाही एक आवाज येत होता, भर दुपारी घर झोपलेलं असते तसा. मले वाटलं, मागून कोणी येऊन राह्यलं, पाय न वाजवता. मी वळून पाह्यलं नाही. वळून पाह्यलं की जाते, हे मले ठाऊक हाये. तेवढ्यात कानात धाड धाड धाड असं झालं. रतनसिंग चालायले लागला होता. माणूस गुणाचा, पण चालते असा की टेम्पोतून पोते फेकून राह्यले. त्याचा पाय पडला की दोन हातावरची मेथी मान टाके.

संध्याकाळी सारं लॅपटॉपवर पाह्यलं. उन्हात त्या कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर काही समजत नाही, म्हणून दिवसभर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता दिसलं. मळ्यावर लालसर, सोनेरी धुकं. वांग्याचे झाडं त्यात तरंगून राह्यले, पाटाचं पाणी लोण्यावाणी, आभाळ कुठं संपते अन् वावराचा धुरा कुठं लागते तेच समजे ना. दुपारच्या झोपेत डोळे अर्धे उघडले की दिसते, तसं. समीक्षाचा चेहरा पडला. "आजी, काचेले कोणी हात लावला?" मी लसूण सोलायले घेतला. पण मंग मी पडद्याकडे पाह्यलं, अन् लसूण हातातच राह्यला. त्या धुक्यात रतनसिंगचं तोंड विरून गेलं होतं. नाक नाही, मिशी नाही. धोतर, फावडं, अन् चौफेर हिरवं. तो उभा होता तोवर ते बाबाच होते. खोटं नाही सांगत, माह्या तोंडून "पाणी सुटलं का?" असं निघालं. मंग तो चालला. अन् झोपलेल्या माणसाले खाटेवरून ढकलावं तसं मले झालं.

समीक्षानं काच पुसपुसून लख्ख केली अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. रतनसिंगच्या मिशीचा केस न् केस दिसला, मनगटावरचा घड्याळाचा पट्टा दिसला. तो सिनेमा नव्हता, आधार कार्डाचा फोटो होता. मंग मी कुंकवाचं कबूल केलं, तेव्हा ही माहीच नात मले म्हणते, आजी, लाव तुहं बोट. या खेपेले मी जीव लावून लावलं, तं साऱ्या मळ्यात रंगपंचमी झाली अन् वांगी टमाट्यावाणी दिसली. आता दाढीवाला सांगून राह्यला की असं धुकं पाडायची काच इकत भेटते, मोठमोठे लोक वापरते. ती काच आली हाये. चांगली हाये. माह्या बोटाचा भरोसा नव्हता, तिचा हाये.

म्हणजे तोंडाचा प्रश्न मिटला. राह्यली चाल. बाबाची चाल तुले सांगायले नोको. जन्मभर दोन वाफ्यामधल्या वीतभर धुऱ्यावरून जाये-ये केली, म्हणून एका पावलापुढं बरोबर दुसरं पाऊल, दोन्ही बाजूले सांबार असल्यासारखं. माह्या वरातीच्या रुंद रस्त्यावरही तसेच चालले. मान डावीकडं, पाणी कुठवर पोचलं ते ऐकत. रतनसिंगले शिकवलं. जमिनीवर सुतळी टाकून तिच्यावरून चालवलं, तं तो सर्कशीवाल्यावाणी हात पसरून चालला अन् कांद्यात पडला. गावातले दुसरे दोघं-तिघं पाह्यले. एक लग्नातल्यावाणी चाले, एक मतं मागायले आल्यावाणी.

मंग समीक्षानं माह्या मोठ्या नातीच्या, उज्ज्वलाच्या लग्नाचं न कापलेलं चित्रण काढलं. त्यात कोणी धड चालणारा म्हातारा सापडते का, ते पाहायले. (ही म्हणते, आजी, तो विषय नोको. मी काढणार.) तेच लग्न, ज्याच्या व्हिडिओत तू कुठीच आला नाहीस म्हणून रुसलास अन् तेव्हापासून केनवडची दिशा सोडलीस. व्हिडिओवाल्यानं आइसक्रीमचं टेबल पुन्हा पुन्हा घेतलं अन् नवरीच्या बापाचा सख्खा मामा एकदाही नाही, हे चुकलंच, मले मान्य हाये. तं आमी पाहून राह्यलो. नवरी हार घेऊन उभी, लोकं अक्षता टाकून राह्यले, अन् चित्राच्या तळाशी, कोपऱ्यात, लाल गालिच्यावरून दोन पाय निघाले. गुडघ्याखालचेच. एकापुढं एक, एकापुढं एक, गालिच्याच्या दोन्ही बाजूले सांबार पेरलं असावं तसे, सावकाश, कोणालेही न तुडवता. मी ओरडली, "थांबव! बाबा!" समीक्षानं थांबवलं, मागं नेलं, पुन्हा चालवलं. बाबाच्या पायात तुह्या चपला होत्या.

तं व्हिडिओत तू आहेस भाऊ. गुडघ्याखाली, पण आहेस.

असो. हे आपलं सहज कळवलं. तू यावंच असं काही माहं म्हणणं नाही. तुह्यामागं कामं असतील, म्हैस असंल, रुसवा असंल. इथलं सारं ठीक. कस्तुराले अन् लेकराबाळाले माहा हात फिरव.

तुही बहीण
भागिरथा
(अंगठा माहा, शाई समीक्षाची)

ता. क. कागद उरलाच हाये तं सांगते. मेथी उभी हाये तोवर येऊन जाजो. काम काहीच नाही, मळ्याच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत चालायचं. चित्रात दुसरं कोणी नाही. नवरी नाही, आइसक्रीम नाही. मधोमध तू एकटा. असा मान आपल्या खानदानात कोणाले मिळाला नाही.

पुन्हा ता. क. समीक्षा म्हणते, अर्धं सांगून माणूस बोलवायचा नाही. तं पुरं असं, की तू पाठमोरा राहशील. अन् धुक्यात. तोंड दिसणार नाही. पण या खेपेले गुडघ्याच्या वरचाही येशील, हे तिनं कबूल केलं हाये. बोलायचं काम ठेवलं नाही. तू बोललास तं बाबा वाटणार नाहीस.

आणखी एक. हे शेजारची लिलाबाई लिहून राह्यली. लाइन आली म्हणून समीक्षा बॅटऱ्या चार्जिंगले लावायले आत पळाली. तिच्यापुढं हे बोलता येत नाही, पोरीनं त्या सामानात एवढा जीव ओतला. पंजाबा, बाबासाठी मले कॅमेरा लागत नाही रे. दुपारी खाटेवर लवंडली की ते येतेच, सांबारातून, रोज. तू तसा येत नाहीस. तुले बसनंच यावं लागते.