उजव्या हाताची खबर

अण्णा, माझं डोकं भादरलं, अगदी तुमच्या आत्याचं असायचं तसं. घाबरू नका, आमचे हे धडधाकट आहेत, ओटीवर बसून पेपर वाचतायत. मुंबईच्या हॉस्पिटलातून घरी आले, रिक्षातून उतरताना पदर सरकला, तर शेजारीण कुंपणापलीकडून ओरडली, "अगो, नवरा जिवंत असताना हे काय गो करून घेतलंस? तिरुपतीला जाऊन आलीस की काय?" मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "बरं झालं, आता आम्ही दोघं सारखे दिसतो." हसून हसून माझ्या पोटात दुखलं. तर ते डोकं भादरलं ते हातासाठी. तुमचा हात मला आला होता अण्णा. मांडीवर ठेवला की शहाणा, काही उचलायला गेलं की लागला थरथरायला. बशी वाजायची, आमटी पानाबाहेर पडायची. देवळात तीर्थ घ्यायला मी सगळ्यांच्या शेवटी उभी राहायची, तुम्ही राहायचात तशीच.

थोरला नातू झाला तेव्हा सूनबाई तोंडानं काही बोलली नाही, चांगली आहे ती. पण बाळाला न्हाऊ घालायला बाई ठेवली. आपल्याकडे आजीनं पाय पसरून नातवंडाला पायांवर घ्यायचं, तेल चोळायचं, तांब्यानं पाणी घालायचं. मी आपली पंचा धरून दारात उभी. वाईट वाटायचं, पण तिचंही खरंच होतं, कढत पाणी आणि असला हात. म्हणून यंदा तिला परत दिवस राहिले म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "आई, आता एक उपाय निघालाय, चिरफाड नाही, आवाजानं करतात." मी म्हटलं, "आवाजानं? मग तुझ्या बापाच्या घोरण्यानं कधीच बरी झाले असते." पण गेले.

डॉक्टर तरुण होते. घराण्यात कुणाला होतं का विचारलं, तुमचं सांगितलं. मग विचारतात, "आजी, घोटभर दारू घेतली तर हात थांबतो का?" मला हसूच आलं. म्हटलं, अहो, मी प्रसादाच्या पंचामृताशिवाय काही प्यायलेली नाही. ते हसले नाहीत. म्हणाले, या दुखण्यात बऱ्याच जणांचा हात घोटभर घेतल्यावर तास-दोन तास स्थिर राहतो, म्हणून विचारावं लागतं. मुलगा पुढचं काहीबाही विचारत होता, मला ऐकूच येईना. मी आपल्या वाडीत पोचले होते, श्रीवर्धनला.

ती सकाळ. माझं पहिलं स्थळ, पाहुणे ओटीवर बसलेत, सुपारी फोडायची आहे. एकदा सुपारी फुटली की लग्न ठरलं, आणि ती वधूपित्यानंच फोडायची असा तुमचा हट्ट. आईनं तोंडात पदर धरलेला, कारण सुपारीवर घाव घालताना हे बोटच ठेचून घेणार. तुम्ही मागच्या पडवीतून आलात, बसलात, आणि एका घावात दोन सरळ भकलं. हात दगडासारखा. माझ्या जन्मात मी तुमचा हात तसा पाहिला नव्हता. आई माझ्याकडे बघून हसली. आणि मग मुलाचा मामा पुढे वाकून म्हणाला, "यजमान, सकाळी सकाळीच माडी?" वाडीत माडांवर चढून माडी काढायला यायचा त्याच्याकडून तुम्ही भांडंभर घेतली होतीत. पाहुणे चहा न घेता उठले, ठरलेलं मोडलं. थरथरतो म्हणून लोक आधीपासूनच कुजबुजायचे, त्या दिवशी पुरावा मिळाला. जाईपर्यंत तुम्ही गावाला दारुडे. आईसुद्धा शेवटपर्यंत तुमच्या पानात वाढताना तोंड फिरवून वाढायची. एकदाच घेतलीत, ती माझ्यासाठी, आणि का घेतलीत ते आईला तरी सांगायचं होतं. का तुम्हालाही लाजच वाटली? आता मला कळलंय तर कुणाला सांगू? आई नाही, तो मामा नाही, माडीवालाही नाही. भावाला फोन केला तर म्हणाला, "जाऊ दे गो, मेल्या माणसाचं आता काय." त्याचं आयुष्य दारुड्याचा मुलगा म्हणून गेलं. त्याला आता वेगळा बाप नकोय.

हां, तर आवाज. पोटातलं बाळ बघतात त्याच जातीचा आवाज, कानाला ऐकू न येणारा. लहानपणी मी तुमच्या चष्म्याच्या काचेनं वाळक्या पानावर ऊन गोळा करून भोक पाडायची, तसं हे चहूकडून आवाज गोळा करून मेंदूतला मसुरीएवढा ठिपका भाजतात. डोक्याला धातूची चौकट ठोकली, तेव्हा मात्र तुमच्या नावानं ओरडले. गार पाण्याची टोपी घातली, नळकांड्यात सरकवलं. जागीच होते. जरा चक्कर, जरा डोकं तापल्यासारखं. मधून मधून बाहेर काढून कागदावर चकली काढायला सांगायचे. आधीची चकली म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण. शेवटची अशी आली की दिवाळीत तळावी. एकच बाजू केली, डावा हात आहे तसाच आहे.

आणि नात झाली अण्णा! नाक तुमचं, नशिबानं मोठी झाल्यावर बरं दिसेल. सूनबाईनं आपणहून तिला माझ्या पायांवर आणून ठेवलं. म्हणाली, "घाला आई." मी तेल चोळलं, पाणी घातलं, उजव्या हाताच्या करंगळीनं काजळ घातलं, रेघ जराही डोळ्याबाहेर नाही. अशी रोज न्हाऊ घालत आले. रोज मला वाटतं, आजच्यासारखी सुखी बाई तालुक्यात नाही.

हे पत्र कुठं पाठवू, सांगा. चौथीपर्यंतचं अक्षर, तेही इतक्या वर्षांनी कागदावर नीट बसतंय म्हणून लिहीत सुटले. लिहून झालं की चुलीत घालीन.

परवा वाटीतलं तेल हलताना दिसलं. वाटी माझ्या उजव्या हातात होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही जणांचं थोडंफार परत येतं, आलं तर येऊन दाखवा. घरात अजून बोलले नाहीये. आज सूनबाई बाळाला घेऊन आली, मी पाय पसरलेच नाहीत. म्हटलं, "आज तूच घाल गो, मला सर्दी झाल्येय, पोरीला लागेल." नाकही ओढून दाखवलं. ती बिचारी माझ्यासाठी आल्याचा चहा करायला गेली. सर्दी झालेली नाही मला, अण्णा.