सुजलेली दाढ आणि घरट्याचे मार्क

तीर्थरूप बाबांस,

तुमच्या एकुलत्या एक जावयाचा साष्टांग नमस्कार. (एकुलता एक असल्यामुळे पत्र नेमकं कुणाचं, असा प्रश्न पडू नये.) गुडघे कसे आहेत? दातांचा दवाखाना बंद केल्यापासून दर फोनवर तुम्ही गुडघ्यांचीच खुशाली कळवता, तेव्हा बाकीचं शरीर ठीक असावं असं आम्ही धरून चाललो आहोत. आईंना नमस्कार सांगा. त्यांनी पाठवलेली झबली इतकी आहेत, की बाळाने दिवसभर फक्त कपडे बदलायचं ठरवलं तरी पुरतील. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. कारण सोपं आहे. मी फोनवर बोलत असलो की तुमची लेक शेजारी उभी राहून माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करते आणि शेवटी फोनच काढून घेते.

तिची प्रकृती उत्तम. पाचवा महिना चालू आहे, बाळ लाथा मारतं, तीही अधूनमधून मारते. फक्त खालची उजवीकडची दाढ सुजली आहे. आता 'फक्त' हा शब्द मी आज लिहू शकतो. गेल्या आठवड्यात माझी पाचावर धारण बसली होती, आणि त्याला माझी नोकरी जबाबदार आहे. माझं काम तुम्हाला माहीत आहेच (पाहुण्यांना तुम्ही 'जावई संशोधन संस्थेत असतात' एवढंच सांगून विषय बदलता, त्याबद्दल मी ऋणी आहे). प्रयोगशाळेतल्या उंदरांचा भुसा बदलायचा, पाणी भरायचं, कोण रुसलंय कोण जेवत नाही हे बघायचं. सध्या आमच्या मॅडमचा जो प्रयोग चालू आहे, त्यात गाभण उंदरीला असं औषध टोचतात की तिच्या शरीराला वाटतं आपल्याला मोठा आजार झालाय. मग अंगात सूज आणि धावपळ सुरू होते, आणि त्या गडबडीचा पोटातल्या पिल्लांच्या मेंदूच्या घडणीवर काय परिणाम होतो ते बघतात. पिल्लं मोठी झाली की त्यांच्यापुढे काचेच्या गोट्या ठेवायच्या. काही पिल्लं बाकी सगळं सोडून गोट्या भुशात पुरत बसतात, शेजारच्या उंदराकडे ढुंकूनही बघत नाहीत. (मी लहानपणी अंगणात तासन् तास गोट्या पुरत असे. माझ्या आईला फोन करून विचारलं, माझ्या वेळी तुला ताप आला होता का? ती म्हणाली, तुझ्या वेळी नाही, तुझ्यामुळे आला.)

तर अशा माणसाच्या घरात, सकाळी चहा पिताना, बायको गालावर हात ठेवून म्हणते, 'अहो, हिरडी सुजलीय वाटतं, अंगातही कणकण आहे.' माझ्या डोळ्यांपुढे गोट्याच गोट्या! तिला घाबरवायचं नाही एवढी अक्कल मला होती, म्हणून मी गुपचूप, मला येतात ते उपाय सुरू केले. आमच्याकडे गाभण मादीला त्रास नको म्हणून आवाज करत नाहीत, अत्तर लावून जात नाहीत आणि पिंजऱ्यांच्या खोलीत लाल दिवा लावतात, कारण उंदरांना लाल उजेड जवळजवळ दिसत नाही. मी झोपायच्या खोलीत लाल बल्ब लावला. तुमच्या लेकीला लाल उजेड अगदी व्यवस्थित दिसतो, हे मला सुचायला हवं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारलं, 'फोटो धुवायचं काम घेतलंत का?' शिवाय मी घरात नुसत्या मोज्यांवर चालायला लागलो. तीनदा ती दचकली आणि एकदा हातातलं पातेलं माझ्या पायावर पडलं, त्यामुळे शांततेचा उपक्रम माझ्याच बोंबेने संपला.

खरा घोळ घरट्यावरून झाला. मादीची तब्येत ओळखायची आमची एक पद्धत आहे. तिला कागदाच्या पट्ट्या द्यायच्या. धडधाकट मादी त्यांचं छान गोल घरटं बांधते, आजारी मादी पट्ट्यांना हातही लावत नाही, आणि मी त्या घरट्याला पाचपैकी मार्क देतो. (माझ्या मार्कांवर मॅडमचा डोळे मिटून विश्वास आहे.) बाबा, काळजीत माणसाचं डोकं कसं चालतं बघा. मी जुनी वर्तमानपत्रं फाडून पलंगाशेजारी पट्ट्यांचा ढीग ठेवला आणि कामावर गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर ढीग माझ्या उशीच्या अभ्र्यात कोंबलेला. मला इतका आनंद झाला की 'पाचपैकी चार!' असं माझ्या तोंडून निघून गेलं. मग कशाचे चार हे सांगावं लागलं. त्या रात्री तिने मला जेवायला वाढलं, तेही ताटलीऐवजी वाटीत, थोडे सुके दाणे.

शेवटी मी मॅडमकडे गेलो. सरळ विचारायची लाज वाटली, म्हणून म्हटलं, 'मॅडम, एखाद्या मादीची दाढ सुजली तर?' त्या ताडकन उठल्या, हातमोजे चढवले आणि एकेका उंदरीचा जबडा उघडून बघायला लागल्या. मी टॉर्च धरून उभा. बराच वेळ गेला. शेवटच्या पिंजऱ्यापाशी मी कबूल केलं की मादी घरी आहे. मॅडमनी मला स्टुलावर बसवलं (त्या मला आजवर कधी बसा म्हणाल्या नव्हत्या) आणि सांगितलं, 'अहो, इथे आपण मुद्दाम जबरदस्त डोस देतो, आणि तरीही सगळी पिल्लं गोट्या पुरत नाहीत. माणसांत गरोदरपणातला मोठा ताप, मोठा संसर्ग यांचा थोडा संबंध दिसतो, पण बहुतेक मुलं ठणठणीत निघतात. एका दाढेने काही ठरत नाही. मात्र दुखणं अंगावर काढायचं नाही. तिला डॉक्टरांकडे न्या, आणि तो बल्ब काढा.' मी तिथेच रडलो, बाबा. उंदरांनी पाहिलं.

बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी गरोदरपणात चालणारी औषधं दिली, कणकण गेली. पण दाढ काढलीच पाहिजे, आणि या दिवसांत काढायला हरकत नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. इथवर सगळा आनंदी आनंद आहे. तब्येतीला जपा, गुडघ्यांनाही.

आपला आज्ञाधारक,
जावई

ता. क. आनंदी आनंद एवढाच नाही. नाक्यावरच्या दातांच्या तरुण डॉक्टरकडे तिला दोनदा नेलं. दोन्ही वेळा ती खुर्चीत बसली, तोंड घट्ट मिटलं आणि परत आली. 'माझ्या दाताला बाबांशिवाय कोणाचा हात लागणार नाही,' हा एकच हेका. म्हणून तुम्ही यावं, ही विनंती. आणि एक लहान तोंडी मोठा घास घेतो. मागच्या वेळी तुमच्या हातातली कपबशी वाजत होती, ती मी पाहिली. गुडघ्यांमुळे कपबशी वाजत नाही. मी तिला काही बोललेलो नाही. तुम्ही नुसते या, तिची समजूत काय घालायची ते आपण दोघे मिळून ठरवू.

ता. क. २. बाबा, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं, त्यामुळे सगळं वाचलं. तुमच्या हाताचं मला दवाखाना बंद व्हायच्या आधीपासून माहीत आहे. माझी शेवटची दाढ भरताना तुम्ही माझ्यावर ओरडलात, 'हलू नकोस.' मी हलत नव्हते. पण तुम्हाला तसंच वाटू दे म्हणून मी 'चुकलं' म्हटलं. दाढ हा नाक्यावरचा मुलगाच काढणार आहे, शनिवारची वेळ मी स्वतः घेतली आहे. मला खूप भीती वाटते, तुमचं नाव घेणं हे नुसतं निमित्त होतं. तुम्ही नुसते शेजारी बसा आणि 'हलू नकोस' म्हणून ओरडा. या वेळी मी खरंच हलणार आहे.