जाड भाकरीचे दिवस

बुधवार, दि. १२ फेब्रुवारी २०२५
भिवपुरी

चि. सौ. हर्षला हिस,

तुझ्या सासूचा, अंबूबाईचा आशीर्वाद. तिकडे तुझे आईबाबा बरे असतील. इकडे मी आणि योगेंद्र, आम्ही मायलेक बरे आहोत, म्हणजे चाललंय.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. मी तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस, ते बरंच केलंस. फोनवर माझं तोंड सुटतं आणि सांगायचं ते राहून भलतंच निघतं. सातवीपर्यंत शिकलेय मी. गुरुजी म्हणायचे, बोलताना हाय-नाय चालेल, पत्रात शुद्ध लिहायचं. तेव्हा जमेल तसं शुद्ध लिहिते. योगेंद्रच्या हाती देत नाही, तो वाटेत उघडून वाचेल. माझा पुतण्या गजा उद्या टेंपो घेऊन खोपोलीला निघालाय, तो खालापूरवरून तुझ्या दारात देऊन पुढे जाईल. तो काही वाचणार नाही. त्याला चष्मा लागलाय आणि तो लावत नाही. तसाच टेंपो हाकतो मेला.

वालाच्या शेंगा भरल्यात. यंदा पोपटी लावली नाही. शेंगा भाजायला मी मडकं काढून ठेवलं होतं, भांबुर्डीचा पालाही आणला होता, तर योगेंद्र म्हणाला, कोणासाठी लावायची. पाला तसाच सुकला. तो दर रविवारी तुझ्याकडे येतो हे मला ठाऊक आहे. घरी आला की माझ्याशी दोनच शब्द बोलतो, डबा आणि पाणी. कंपनीत दुसऱ्या पाळीला असला की तेवढेही नाहीत. मी त्याला काही विचारत नाही. विचारायला तोंड हवं ना.

तुझी अबोली जगली आहे. पाणी घालते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा विनिता आली होती. आठवते ना, दिवाळीनंतर शाळेत डोकेदुखीचं शिबीर झालं, तेव्हा कागद घेऊन बसलेली मुलगी, चष्म्याची, हळू बोलणारी. ती आता दुसरी फेरी करतेय. दारात आली आणि विचारलं, हर्षलाताई आहेत का. मी म्हटलं, माहेरी गेलीय. किती दिवस झाले? मी म्हटलं, झाले थोडे. सात आठवडे झाले हे काही मी तिला सांगितलं नाही.

मग पाणी पिता पिता तिनं पिशवीतून तुझा जुना कागद काढला. पाच प्रश्न, पाच शून्यं. म्हणाली, "आजी, एक विचारू? अख्ख्या गावात हा एकच कागद असा आहे. ज्या बाईला महिन्यातून चार-पाच वेळा डोकं दुखून उलटी होते, तिचं एक दिवससुद्धा काही अडलं नाही?"

मी म्हटलं, "नाय अडलं. आमच्या घरात काम अडत नाय."

ती हसली नाही. म्हणाली, "काम नाही अडलं. पण त्या दिवशी ते केलं कोणी?"

हर्षला, त्या शिबिरात काय झालं ते तुला आठवतंय तसंच मलाही आठवतंय. विनिता तुला विचारत होती आणि मी शेजारी मांडी घालून बसले होते. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे किती दिवस कामावर गेला नाहीत? तू बोटं मोजायला लागलीस. मी म्हटलं, शून्य लिही. घरातलं काम किती दिवस जमलं नाही? शून्य. कामावरचं किती दिवस निम्मंच झालं? शून्य. घरातलं किती दिवस निम्मंच झालं? शून्य. सणाला, कार्याला किती दिवस जाता आलं नाही? आमची सून सगळीकडे येते, लिही शून्य. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि मग खाली बघत राहिलीस. विनितानं तुला विचारलं, बरोबर ना ताई? तू मान हलवलीस. काय करणार होतीस, चारचौघांत सासूला खोटं पाडणार होतीस?

मला वाटलं होतं, मी घराची लाज राखली. सुनेला रोग आहे असं सरकारी दिसणाऱ्या कागदावर कशाला. आता विनितानं सांगितलं, तो कागद लाजेचा नव्हताच. कोणाला नुसती दुखल्यावरची गोळी पुरेल आणि कोणाला दुखूच नये म्हणून रोजची गोळी लागेल, ते ठरवताना डॉक्टर तो आकडा बघतात. एकवीसला पोचला की त्रास मोठा धरतात, त्यांना आधी बोलावतात. तुझा शून्य म्हणून तुझा कागद खालच्या गठ्ठ्यात गेला. इतर बायकांना बोलावणं आलं, तुला आलं नाही. तू एकदा म्हणालीस, आई, मला कसं नाही बोलावलं? आणि मी म्हणाले, तुझं काही एवढं नसेल.

मी उठले आणि भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढून विनितासमोर टाकलं. ते तुला कधी दाखवलं नव्हतं. तू पडून राहायचीस त्या दिवशी सकाळची भाकरी मी थापायचे, आणि थापून झाली की त्या तारखेवर एक रेघ ओढायचे. अंगणवाडीत तुझ्या जागी जाऊन पोरं गोळा केली, खिचडी टाकली, की त्या तारखेला गोल. सेविकाबाई हजेरी तुझ्याच नावाची लावायच्या, आपल्याकडे असंच चालतं. सुईण नाही आली तर जाऊ जाते, आई नाही आली तर लेक जाते, वहीत नाव तेच. रेघा मी कशाला ओढत होते ते सांगते. लेक माहेरपणाला आली की तिला दाखवायला. बघ, तुझी वहिनी किती दिवस लोळते आणि या वयात मी किती खपते.

म्हणजे एका हातानं मी रेघा ओढत होते आणि तोंडानं शून्य सांगत होते. विनिता शिबिराआधीच्या तीन महिन्यांची पानं उलटून मोजत बसली. रेघा एकोणीस, गोल अकरा. घरातले दिवस आणि कामावरचे दिवस वेगवेगळे धरायचे असतात म्हणे. तीस.

योगेंद्र घरातच होता. त्याला म्हटलं, तुला कळायचं का रे, ती पडलेली असायची ते? तो म्हणाला, "डबा उघडला की कळायचं. तुझी भाकरी जाड असते." कंपनीतला जितेशसुद्धा डब्यात डोकावून विचारायचा, आज वहिनींना बरं नाय काय रं. बघ, खोपोलीच्या कंपनीत परक्या माणसाला ठाऊक, आणि माझ्या कागदावर शून्य.

बारशाच्या दिवसाबद्दल लिहायचं टाळत होते. टाळून भागणार नाही.

तुझ्या नणंदेच्या बाळाचं बारसं, मांडवात स्पीकर, चुलीवर मटणाची फोडणी, ऊन कसलं. तू सकाळपासूनच डोळे बारीक करून वावरत होतीस, मी बघितलं होतं. दुपारी आतल्या खोलीत खिडकीला गोधडी लावून पडलीस. बायका विचारायला लागल्या, सूनबाई कुठंय. आणि मी मांडवात उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "आमच्या सूनबाईंना पाव्हणे आले की डोकं दुखतं." सगळ्या हसल्या. भिंत एकच विटेची, तुला ऐकू गेलं. तू उठलीस, तोंड धुतलंस, पदर खोचलास आणि साठ पानं वाढलीस. मग मागच्या शेवग्याखाली जाऊन ओकलीस. मी तिकडून भांडी घेऊन येत होते. मी बघितलं आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी तू पिशवी घेऊन निघालीस तेव्हा मी विचारलंसुद्धा नाही, कधी येशील.

एवढं लिहून मी उठून चहा करून आले. पुढचं कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या सासऱ्यांनाही नाही, ते गेले तरी त्यांना माहीत नव्हतं.

माझंही दुखायचं, हर्षला. डाव्या बाजूला, डोळ्याच्या मागे. पाळीच्या आधी दोन दिवस ठरलेलं. डोळ्यासमोर आधी चकचकीत नागमोडी रेघ यायची, मग अर्ध्या तासात डोक्यात कोणी घाव घालतंय असं व्हायचं. चुलीचा धूर नको, पोरांचा आवाज नको. तेव्हा माजघरात भाताची मोठी कणगी होती. तिच्या मागे काळोख असायचा आणि गारवा असायचा. मी तिथे जाऊन कणगीला कपाळ टेकून उभी राहायचे, जेवढा वेळ मिळेल तेवढा. एकदा तुझ्या आजेसासूबाईंनी बघितलं. त्यांना वाटलं, मी भात चोरून माहेरी पाठवते. आठवडाभर सगळ्या आळीत बोलत फिरल्या. मी काही खुलासा केला नाही. चोर म्हटलेलं चाललं मला, दुखतं म्हणायची लाज वाटली.

असं वीस वर्षं. पाळी गेली तसं तेही गेलं. मीही विसरले, म्हणजे विसरल्यासारखी वागले.

मग तू आलीस. पहिल्याच वर्षी भाद्रपदात, गौरी घरात आलेल्या, तू सरळ समोर येऊन म्हणालीस, आई, माझं डोकं फार दुखतंय, मी जरा पडते. आणि जाऊन पडलीससुद्धा. मला इतका राग आला, इतका राग आला की हातातला मोदक वळता वळता चेपून टाकला. लोकांना वाटलं, मला तुझं खोटं वाटतं. खोटं नाही गं. एका नजरेत कळलं होतं मला, खरं आहे. तुझा डावा डोळा लहान झाला होता, माझा व्हायचा तसाच. राग त्याचाच होता. जे मला वीस वर्षांत एकदाही तोंडातून काढता आलं नाही, ते तू चार शब्दांत बोलून मोकळी झालीस. मग मी तुला तुझी जागा दाखवायची म्हणून काय काय बोलले, ते तुला पाठ असेल.

मी वाईट वागले. माफ कर असं लिहायला हवं, तर लिहिते. माफ कर.

येत्या मंगळवारी, १८ तारखेला, कर्जतला डोकेदुखीचे डॉक्टर येणार आहेत. विनितानं तुझं नाव पहिल्या दहांत घातलं आहे, पण शिबिराआधीच्या त्याच तीन महिन्यांचा नवा कागद भरून आणायला लागेल. कोरा कागद आणि कॅलेंडरची ती तीन पानं या पाकिटातच आहेत. विनिता म्हणत होती, आजी, तुम्हीच भरून द्या, तुम्ही मोजलंय की. मी म्हटलं, नाय गं बाय, मी एकदा भरलाय तिचा कागद. आता माझा हात नको.

तू परस्पर माहेराहून कर्जतला ये, योगेंद्र सुट्टी टाकतो म्हणालाय. मी आले तर बाहेर बाकावर बसेन. आत शेजारी बसणार नाही. येऊ नको म्हणालीस तर घरी थांबेन. नंतर घरी यायचं की माहेरी परत जायचं ते तू ठरव, मी त्यात बोलणार नाही. एवढंच सांगते की यायची झालीस तर आतल्या खोलीच्या खिडकीला मी जाड काळा पडदा शिवून लावलाय. गोधडी सारखी पडते.

कागद भरताना एक लक्षात ठेव. माझा तीसचा आकडा कमीत कमी धरायचा, पुरा नाही. मी फक्त जाड भाकऱ्या मोजल्या आहेत. ज्या दिवशी डोकं फुटत असताना तू उठून पातळ भाकऱ्या थापल्यास, आणि घरात कोणालाच काही कळलं नाही, ते दिवस माझ्या कॅलेंडरात नाहीत. तसे माझे किती होते ते कोणी विचारलं नाही आणि आता मलाही सांगता यायचं नाही. तुझे तुला आठवतायत तोवर लिहून टाक.

कणगीमागची,
अंबू